पक्ष्यांच्या घरी, वसंतात
सुंदरबनची खाडी आणि दार्जिलिंगचे डोंगर : कोलकात्याहून एक वेगळी सहल

कोलकात्याला जाणारा मराठी पर्यटक बहुधा दक्षिणेश्वर, बेलूर मठ आणि व्हिक्टोरिया मेमोरियल पाहतो, रसगुल्ल्यांचे डबे बांधून घेतो आणि परतीची गाडी पकडतो. पण याच शहरापासून शंभरेक किलोमीटरवर वाघांचे खारफुटीचे जंगल आहे आणि एका रात्रीच्या रेल्वे प्रवासावर हिमालय! मार्च महिन्यात आठवडाभराची रजा काढली, तर खाडीचे आणि डोंगरांचे पक्षी एकाच सहलीत पाहता येतात. मात्र दोन्हीकडे चांगला गाईड हवा. खाडीत तो तुमच्या जिवासाठी हवा आणि डोंगरात पक्ष्यांच्या जिवासाठी.

भरती-ओहोटीचे जंगल

सियालदहहून लोकल गाडीने कॅनिंग आणि तिथून रस्त्याने गोदखाली गाठले की जमीन संपते. पुढचा प्रवास होडीचा. १९८७ साली जागतिक वारसा ठरलेल्या सुंदरबन राष्ट्रीय उद्यानात शिरण्यासाठी वनखात्याचा परवाना लागतो आणि होडीवर नोंदणीकृत गाईड घ्यावाच लागतो. बंदिस्त मनोरे सोडले तर जंगलात पाय ठेवायचा नाही, हा इथला पहिला नियम. २०२२ च्या गणनेनुसार इथे शंभराच्या आसपास वाघ आहेत. वाघ दिसेलच अशी आशा धरून मात्र जाऊ नये.

दिसतात ते पक्षी, आणि तेही भरपूर. दिवसातून दोनदा पाणी चढते, दोनदा उतरते. ओहोटी लागली की चिखलाचे काठ उघडे पडतात, खेकडे आणि आपल्या कोकणातल्या निवट्यांसारखे मासे चिखलावर उड्या मारू लागतात आणि त्यांच्यावर टपलेले बगळे, तुतवार, खंड्या कामाला लागतात. खंड्याच्या इतक्या जाती एका ठिकाणी क्वचितच पाहायला मिळतात. त्यातला नारिंगी डोक्याचा, तपकिरी पंखांचा आणि लालभडक चोचीचा खंड्या तर खास खारफुटीचा रहिवासी. म्हणूनच इथला जाणता गाईड घड्याळ पाहत नाही, पाणी पाहतो. होडी कुठल्या खाडीत कधी वळवायची, हे तो भरतीवरून ठरवतो.

हे ज्ञान पुस्तकातले नाही. या बेटांवरची अनेक घरे मासे, खेकडे आणि मध यांवर जगतात. वसंतात खलशीची झाडे फुलली की मध गोळा करणारे 'मौले' परवाने घेऊन जंगलात उतरतात. त्याआधी वनबीबीची पूजा होते. हिंदू आणि मुसलमान दोघेही तिला हात जोडतात. मधाला गेलेला माणूस परतेल याची खात्री नसते. २००९ च्या 'आयला' आणि २०२० च्या 'अम्फान' या वादळांनी शेतांत खारे पाणी घुसवले आणि अनेकांना गाव सोडून रोजगार शोधावा लागला. अशा गावातल्या तरुणाला वाघाच्या वाटेवर न जाता, होडीच्या टपावर उभे राहून पक्षी दाखवून चार पैसे मिळत असतील, तर पर्यटकाने त्याच्या मानधनावरून घासाघीस करू नये हे बरे!

धनेशाचे बाळंतघर

सुंदरबनात दोन रात्री काढून कोलकात्याला परतावे. सियालदहहून संध्याकाळनंतर उत्तरेकडे जाणारी गाडी पकडली की सकाळी न्यू जलपाईगुडी येते. तिथून जीपने सेवक, कालीझोरा करत खडबडीत चढ चढला की दोनेक तासांत लाटपंचार. सरकारी सिंकोना लागवडीतले हे छोटे डोंगरी गाव महानंदा अभयारण्याच्या माथ्यावर वसले आहे. मोठी हॉटेले नाहीत. गावकऱ्यांच्या घरीच राहायचे, गरम डाळभात जेवायचे आणि पहाटे गावातल्याच गाईडबरोबर निघायचे.

काळ्या अंगावर पिवळा तुरा मिरवणारा सुलतान टिट, झाडाच्या शेंड्यावर निखाऱ्यासारखा दिसणारा मिनिव्हेट असे कितीतरी रंग इथे आहेत. पण लोक दुरून येतात ते तांबूस मानेच्या धनेशासाठी. नराचे डोके, मान आणि पोट तांबूस, मादी मात्र काळी. उंच, जुन्या झाडांच्या ढोलीशिवाय त्याचे चालत नाही आणि अशी झाडे कमी होत गेल्याने जगभरच्या यादीत तो 'असुरक्षित' गणला जातो.

वसंतात या पक्ष्याचा संसार सुरू होतो. मादी ढोलीत शिरते आणि तिचे तोंड लिंपून घेते. उरते ती फक्त चोच जाईल एवढी फट. पुढचे कित्येक आठवडे नर फळे आणून त्या फटीतून तिला आणि मग पिलांनाही भरवतो. घरात मिळवता हात एकच!

नेमके याच वेळी कॅमेरे घेऊन पाहुणे जमतात. ढोलीसमोर माणसांची गर्दी दिसली, की बुजरा नर चोचीत फळ धरून दूरच्या झाडावर बसून राहतो, कधी परत फिरतो. आपल्याला एक फोटो मिळाला नाही तर काही बिघडत नाही. त्याच्या फेऱ्या चुकल्या तर आत उपासमार होते.

आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत कसे वागावे हे कुणाला शिकवावे लागत नाही. तिथे मोठ्याने बोलायचे नाही, फार वेळ थांबायचे नाही. वसंतातल्या जंगलातही हीच रीत पाळायची. चांगला गाईड झाडापासून लांब थांबवतो, गडद कपडे घालायला सांगतो, फ्लॅश आणि रेकॉर्ड केलेला आवाज वाजवणे टाळतो आणि थोड्या वेळाने 'चला' म्हणतो. पैसे मोजले आहेत म्हणून त्याच्याकडे 'अजून जवळ' असा हट्ट धरणारा पर्यटकच त्याला बिघडवतो. ढोली सुखरूप राहिली तर धनेशाची जोडी पुन्हा त्याच झाडाकडे येऊ शकते. मग पुढच्या वर्षी गावाची मिळकत टिकते आणि ते झाडही टिकते.

मुलांना बरोबर जरूर न्या. दुर्बिणीतून भरवणारा बाप पाहिलेले मूल पुढे सावंतवाडी-दोडामार्गकडच्या रानात महाधनेश दिसला तर आपणहून आवाज खाली आणील.

जाण्यापूर्वी

• कसे जाल : मुंबईहून गीतांजली एक्स्प्रेस आणि हावडा मेल, पुण्याहून आझाद हिंद एक्स्प्रेस हावड्याला जातात. तिन्ही गाड्या नागपूरमार्गे.

• केव्हा जाल : मार्च उत्तम. एप्रिलपासून खाडीत उकाडा वाढतो आणि दुपारनंतर 'कालबैशाखी'ची वादळे येतात.

• काय न्याल : दुर्बीण, टोपी, मातकट किंवा हिरवे कपडे, डोंगरासाठी स्वेटर, छत्री. सुंदरबनच्या परवान्यासाठी ओळखपत्र.

• हाती वेळ असल्यास : लाटपंचारहून दार्जिलिंगला जा. तिथल्या १९५८ साली सुरू झालेल्या प्राणिसंग्रहालयात मुलांना लाल पांडा पाहता येईल.

• काय टाळाल : प्लास्टिकच्या पिशव्या, भडक रंग, अत्तर आणि गाणी वाजवणारा फोन.