अर्धा खुराक

आमच्या कोल्हापुरात अंग कसे कमवावे हे सांगणारा माणूस शोधावा लागत नाही. रिक्षावाला सांगतो, गंगावेशीत म्हशीची धार काढून ग्लास हातात देणारा गवळी सांगतो, आणि ज्याने जन्मात एक बैठक मारलेली नाही असा पानपट्टीवालाही सांगतो. बदाम किती भिजवावेत, थंडाईत खसखस किती असावी, मटणाचे अळणी पाणी जेवणाआधी प्यावे की नंतर, यावर इथे जाणकारांचे दोन तट सहज पडतात. पण अंग उतरवावे कसे, असे विचारून पाहा. हीच मंडळी तुमच्याकडे काळजीने बघू लागतील. 'उतरला' हा शब्दच आमच्याकडे आजाऱ्यासाठी राखून ठेवलेला आहे. चार किलो कमी झालेला माणूस रस्त्यात भेटला तर त्याचे कौतुक होत नाही. 'काय मास्तर, बरं न्हाई का?' एवढेच विचारले जाते.

आमचे थोरले बंधू आप्पा हे तरुणपणी लाल मातीतले. फार मोठे नाव नव्हते, पण गावोगावच्या यात्रांत नारळाच्या कुस्तीपासून सुरुवात करून इनामाच्या कुस्तीपर्यंत ते पोचले होते. बत्तिसाव्या वर्षी गुडघ्याने दगा दिला आणि मेहनत सुटली. खुराक मात्र सुटला नाही. हे पुष्कळ पैलवानांचे होते. शरीराला शेकडो जोर-बैठकांची सवय असते ती महिन्यात जाते. जिभेला दुधातुपाची असते ती जन्मभर राहते. गेल्या दिवाळीनंतर आप्पांचे वजन एकशे चार किलो भरले, वय चौसष्ट, आणि साखरेने तर केव्हाच घर केले होते. डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. खाणे कमी करा आणि वजने उचला. खाणे कमी केले की शरीर चरबीबरोबर मांसही जाळू लागते. वजन उचलत राहिले, तर हे मांस लागणार आहे, ठेवा, असा त्याला निरोप पोचतो.

वजने उचला म्हटल्यावर आप्पा खूश झाले. खाणे कमी करा म्हटल्यावर त्यांचा अपमान झाला. घरी येताना ते मला म्हणाले, "बैलाची वैरण कमी करायची आन नांगुर जड जुपायचा? कुठल्या शेतकऱ्याचं डोस्कं हे?"

प्रश्न बिनतोड होता. गेले वर्षभर आम्ही दोघे भाऊ त्याचेच उत्तर शोधत आहोत. मी सोबतीला गेलो, कारण माझेही पोट पेन्शनीत निघाल्यापासून स्वतंत्र कारभार करू लागले होते.

पहिल्या पंधरवड्यात आप्पांचे चार किलो उतरले. त्यांना वाटले, सहा महिन्यांत आपण हवेत तरंगू. पण हे पहिले किलो फसवे असतात. आपल्या स्नायूंत आणि यकृतात मिळून जेमतेम अर्धा किलो साखर साठवलेली असते, आणि तिच्या दर ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी बांधलेले असते. जेवण कमी झाले की आधी ही शिदोरी संपते आणि तिच्याबरोबर ते पाणीही जाते. वजनकाटा खाली येतो, चरबी आहे तिथेच असते. आणि तीच साखर जड वजन उचलताना लागत असल्यामुळे, नेमके याच सुमारास हातातले बळ गेल्यासारखे वाटू लागते.

आप्पांचे तसेच झाले. चौथ्या आठवड्यात आधी सहज उचलले जाणारे वजन जागचे हलेना. दुपारी खुर्चीत बसले की उठवेना. भर उन्हाळ्यात हातपाय गार. एरवी गमत्या माणूस, तो नातवावर खेकसू लागला. आप्पा यातले एक अक्षर बोलले नाहीत. त्यांच्या जगात थकवा म्हणजे आळस, आणि आळस म्हणजे वस्तादाची काठी. वहिनींनीच एकदा मला बाजूला घेऊन सांगितले, "भावजी, राती उटून फडताळातलं डबं हुडकत्यात. उघडत न्हाईत वो. नुसता हात लावत्यात आन परत निजत्यात."

हे ऐकून मला अमेरिकेतल्या एका प्रयोगाची आठवण झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944 ते 45 मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने छत्तीस धडधाकट तरुणांना चोवीस आठवडे जवळजवळ निम्म्या अन्नावर ठेवले होते. युद्धाने उपाशी पडलेल्या युरोपला पुन्हा जेवायला कसे घालावे, हे त्याला शोधायचे होते. सगळे तरुण आपखुशीने आलेले. थोड्याच काळात ते चिडचिडे झाले, त्यांना थंडी वाजू लागली, जिना चढणे नको झाले, आणि मौज म्हणजे त्यांतले काही पाकशास्त्राची पुस्तके गोळा करून वाचू लागले. शरीर कंजूष वाण्यासारखे वागते. आवक घटली की आधी दिवाबत्तीचा खर्च बंद करते. ही हकीकत मी आप्पांना सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "म्हंजे मी नादान न्हवं." त्यानंतर ते थकलो म्हणून मोकळेपणाने सांगू लागले. माझ्या मते अर्धी लढाई तिथेच झाली, कारण जो माणूस थकवा लपवतो त्याला उपाय सांगणार कोण?

पण सगळाच थकवा असा निरुपद्रवी नसतो. वैशाखातल्या एका दुपारी आप्पांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, आणि ते नातवाला भलत्याच नावाने हाका मारू लागले. वहिनींनी साखरेचे पाणी पाजले म्हणून निभावले. साखरेच्या काही गोळ्या अशा असतात की, खाणे कमी आणि मेहनत जास्त झाली तर त्या जुन्या मापानेच काम करतात आणि रक्तातली साखर नको इतकी खाली नेतात. डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी गोळी निम्मी केली. ज्यांच्या घरी अशा गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना गाठावे, हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवतो.

त्या रात्री वहिनी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या ते सगळं. जाड तर जाड, हाईत तर खरं." घरात कोणी काही बोलले नाही. मलाही काय बोलावे सुचेना. सकाळी सहाला आप्पा स्वतःच पायताण घालून दारात उभे होते.

ते गेले जुन्या वस्तादांकडे. हे वस्ताद ऐंशीच्या घरातले, आता नुसते कट्ट्यावर बसून पोरांची मेहनत बघतात. त्यांनी सगळे ऐकून एकच प्रश्न केला, "रोज जातोस व्हय?" आप्पा आठवड्याचे सहा दिवस जात होते. वस्ताद म्हणाले, "खुराक निम्मा आन मेहनत सगळी? वजन हाय त्येच ठेव, खेपा कमी कर. तीन दिस जा. बाकीचं दिस रंकाळ्याला फेरी मार आन नीज." आश्चर्य म्हणजे आजचे व्यायामशास्त्रही हेच सांगते. खाणे कमी असताना वजन हलके करू नये, कारण मांस टिकते ते जड वजनाने. कमी करायची ती आवर्तने. आणि झोप मात्र कधी कापू नये.

मग आप्पांनी भीत भीत 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकचा विषय काढला. विनेश फोगाट अंतिम फेरीत पोचली, रात्रभर न झोपता वजन उतरवत राहिली, आणि पन्नास किलोच्या गटात फक्त शंभर ग्रॅम जास्त भरली म्हणून बाद झाली. अमन सेहरावतने एका रात्रीत साडेचार किलोंहून जास्त उतरवले आणि सत्तावन्न किलोत कांस्य मिळवले. आपल्या खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीत ज्या वजनात कांस्य आणले, तेच हे सत्तावन्न किलो. खाशाबा 1948 च्या लंडनला बावन्न किलोच्या गटात उतरले होते, तिथे सहावे आले आणि पुढच्या खेपेला वरच्या गटात गेले. वस्तादांनी मान हलवली. "त्ये पाणी रं. राती जातंय, दुपारी येतंय. तुझी चरबी हाय. ती आपल्या पायानं चालत जाणार."

चालत म्हणजे किती, याचा हिशेब मी मांडला. एक किलो चरबीत सुमारे सात हजार सातशे कॅलरी. रोज पाचशेची तूट ठेवली तर आठवड्याला अर्ध्या किलोच्याही आतच. याहून घाई केली की माणूस खुर्चीतून उठत नाही. जेवणही बदलले ते थोडकेच. तांबड्या रश्श्यातले मटण राहिले, वरची तर्री गेली. पांढरा रस्सा पंधरा दिवसांतून एकदा. अंडी, मटकी, ताक, डाळ वाढली, कारण तूट असताना प्रथिने कमी पडून चालत नाही. मूत्रपिंडाची तपासणी करून डॉक्टरांनी त्याला होकार दिला होता. आणि दिवसाची जी काही भाकरी वाट्याला येई तिच्यातली एक तालमीआधी तासभर खायची, हा सगळ्यांत गुणकारी फरक ठरला. भाकरी तेवढीच, पण वेळेवर पडलेली. दर दोन महिन्यांनी पंधरा दिवस पोटभर जेवणाची सुट्टीही असते. आप्पा तिची वाट शाळकरी मुलासारखी बघतात.

आज आप्पा ब्याण्णव किलो आहेत. दुपारची सुस्ती अजून येते. ती आली की ते वीस मिनिटे आडवे होतात आणि कोणाला उत्तर देत बसत नाहीत. हातातले वजन मात्र गेल्या वर्षीपेक्षा जड आहे, आणि नातवाला खांद्यावर घेऊन ते जोतिबाच्या पायऱ्या थांबत थांबत का होईना चढले.

यंदा वहिनींनी करंज्यांचे सारण निम्मेच केले आहे. तालमीला जायच्या तासभर आधी दोन करंज्या खाव्यात, असे आप्पांचे म्हणणे. वस्ताद एकीवर अडून आहेत. वहिनींचे मत अजून कोणी विचारलेले नाही, पण डबा त्यांच्या ताब्यात आहे.