वाढवलेला पाटा

माझ्या जिप्सीच्या मागच्या कमानींत एकेक पाटा वाढवून घेतला, तो वजनासाठी. काम सौरपंप दुरुस्तीचं. आलापल्लीहून भामरागडकडे निघालो की मागे मोटर, पाइप, केबलची भेंडोळी आणि वर एखादा माणूस. गाडी मागून बसायची, हेडलाइट सागाच्या शेंड्यांवर पडायचा. पाटे वाढवल्यावर भरलेली गाडी ताठ चालू लागली. शॉकअप जुनेच ठेवले. रिकाम्या गाडीचं काय, हे मी विचारलं नाही, गॅरेजवाल्यानं सांगितलं नाही.

जूनचा पहिला पाऊस पडून गेला होता. सामान उतरवून मी परत निघालो. ताडगाव मागे पडलं, पेरमिली यायची होती. उजवं वळण, डांबरावर मुरुमाची लाल साय. वेग चाळीसच्या आसपास, म्हणजे फार नाही. वळणात शिरल्यावर मन कचरलं आणि अॅक्सिलरेटरवरचा पाय झटकन उचलला. तेवढं पुरलं. मागची बाजू डावीकडे सुटली, मला ओलांडून पुढेच येते की काय असं वाटलं, आणि गाडी पाठीकडून नालीत गेली. काचेसमोर ऐनाचं झाड होतं. त्याची मगरीच्या पाठीसारखी साल मी कितीतरी वेळ बघत बसलो.

चारही चाकांचा लिव्हर टाकला. मागचं उजवं चाक हवेत गरगर फिरतंय, पुढचं डावं चिखल उडवतंय, बाकीची दोन स्वस्थ. जिप्सीला फोर व्हील म्हणतात, पण साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. हवेतल्या चाकाला फिरायला जोर लागतच नाही, म्हणून जमिनीवरच्यालाही तेवढाच, म्हणजे जवळपास शून्य. पुढे एक, मागे एक असं तिरपं सुटलं की चार चाकं असून नसल्यासारखी. डाव्या पायानं ब्रेक हलका दाबून पाहिला. सुटलेल्या चाकाला अडवलं की थोडा जोर दुसरीकडे जातो. गाडी हलली, पुन्हा बसली. मग रस्त्यानं जाणारी दोन माडिया पोरं न सांगता मागच्या उजव्या कोपऱ्यावर चढून उभी राहिली. चाक टेकलं, गाडी बाहेर.

चंद्रपूरला गेल्यावर दुसऱ्या, म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गाडी लावली. त्यानं खाली वाकून कमानी पाहिल्या आणि फळीवरून करवतीचं पातं उचललं.

“असं पाहा भाऊ. हे वाकवलं, टोकं जवळ आली. दाबून सरळ केलं, लांबलं. आता वळणावर तुमची गाडी झुकते. भाहेरचा पाटा दबते, लांबते, चाक मांगं सरकते. आतला वाकते, चाक पुढं येते. म्हणजे अख्खा धुरा तिरपा. तुम्ही उजवीकडे वळवता अन् मागची चाकं डावीकडे पाहतेत!”

पाट्यांना जास्तीचा बाक दिला की हे वाढतं. दुसरं त्यानं सांगितलं नाही, ते मला नंतर उमगलं. मागचा भाग कडक केला की वळणावर मागच्या बाहेरच्या टायरवर भार जास्त येतो, आतलं चाक हलकं पडतं. भार दुप्पट झाला म्हणून टायरची पकड दुप्पट होत नाही. एकावर लादण्यापेक्षा दोघांत वाटलेला बरा. त्यात रिकामी जिप्सी जेमतेम एक टनाची, मागे वजनच नाही, आणि पाय उचलल्यावर जे होतं तेही पुढे गेलं.

चिखलात अडकायला नको म्हणून डिफरन्शियलच वेल्ड करून घे, असा सल्ला मिळाला होता. धानाच्या बांध्यांतून गाडी काढणाऱ्या एका ओळखीच्यानं तसं केलंय. त्याची जिप्सी मूलच्या रस्त्यावर चालवून पाहिली. दोन चाकांमध्ये १.३ मीटर अंतर. काटकोनात वळताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे २ मीटर जास्त धावतं, मग वळण मोठं असो की छोटं. तो फरक गिळायला कोणी नसलं की टायर घासत चीत्कारतात, आणि स्टिअरिंग वळवूनही नाक सरळ चिचपल्लीकडे. सुक्या डांबरावर फोर व्हीलचा लिव्हर विसरला तरी असंच, कारण पुढच्या-मागच्या धुऱ्यांमध्ये डिफरन्शियल नाही. मी वेल्डिंगचा नाद सोडला.

दोन्ही पाटे काढले, शॉकअप नवे टाकले, बुश बदलले. आता सामान दोन खेपांत नेतो आणि जड मोटर मागच्या धुऱ्याच्या पुढे ठेवतो. पेरमिलीचं वळण तसंच आहे. पाय मात्र वळणाच्या आधी उचलतो, मधे नाही. काढलेले पाटे आलापल्लीच्या एका लोहाराला दिले. त्यानं एकाचा विळा घडवून दिला, दुसरा मजुरी म्हणून ठेवून घेतला.