ओल आणि गंज

संतांच्या भवसागरापासून नवकवितेपर्यंत नावेचे रूपक मी गेली वीस वर्षे वर्गात शिकवीत आलो आहे. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरून येणारी माझी मुले ते समजूतदारपणे उतरवून घेतात. त्या सर्व वर्षांत माझ्या नावेला शीड होते, सुकाणू होते, पैलतीरही होता. तळ मात्र नव्हता. पाण्याखाली काय असते याचा विचार करण्याची वेळ आली ती गेल्या वर्षी, एका सहकाऱ्याच्या भागीदारीत एक जुनी शिडाची नाव विकत घेतली तेव्हा.

नाव बावीस फुटी, सागवानी. पालघर तालुक्यातल्या एका खाडीकाठी टेकूंवर उभी होती. वारा शिडाच्या नावेला सतत एका कुशीवर पाडू पाहतो. तिला पुन्हा सरळ करणारे वजन तळाशी असावे लागते. आमच्या नावेत ते काम ओतीव लोखंडाचा सुमारे चारशे किलोंचा एक जाड पट्टा करीत होता. लाकडी कण्याला, ज्याला आमचे सुतारबाबा पठाण म्हणत, तो खालून सहा बोल्टांनी आवळलेला होता. विकणाऱ्याने नुकताच रंग दिलेला असूनही पट्ट्यावर फोड आले होते. लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. रंगाला आतून ढकलीत तो आपली वाट करतो. एक फोड नखाने फोडला, तर तांबूस पाणी ओघळले.

खरवडून, रंग देऊन नाव पाण्यात सोडावी, असे माझे मत होते. सुट्टी थोडी होती, पैसे त्याहून थोडे. सुतारबाबांनी मान हलवली. "बोल्ट काढून बघितल्याशिवाय मी हात लावणार नाही," एवढेच ते म्हणाले. बोल्ट निघायला दीड दिवस लागला. दोन्ही टोके ठणठणीत होती. पण लाकूड आणि लोखंड जिथे भेटतात त्या सांध्यात, जिथे कोणाची दृष्टी पोहोचत नाही तिथे, सहापैकी दोन बोल्ट झिजून पेन्सिलीएवढे उरले होते. त्या नावेतून आम्ही आमच्या मुलांना समुद्र दाखवणार होतो. दोघांपैकी कोणीच बराच वेळ काही बोलले नाही.

खाडीकाठी संध्याकाळी घासून चकचकीत केलेले लोखंड सकाळी तांबडे झालेले असे. खाऱ्या हवेपुढे आमचा इलाज चालेना. तेव्हा सहकाऱ्याने सुचवले, की पट्टा टेम्पोत घालून वर जव्हारला न्यावा. मार्चमधली डोंगरावरची हवा कोरडी असते. सुतारबाबांनी संमती दिली, पण बजावले, "लोखंड न्या. नाव मात्र सुकू द्यायची नाही." त्यांनी तिच्या अंगावर गोणपाटे पांघरली आणि ती रोज भिजवण्याचे काम नातवाकडे दिले. फळ्या आटल्या की सांधे उघडतात. अशा रीतीने एकाच नावेचा एक भाग ओलीत आणि दुसरा पंचाहत्तर-ऐंशी किलोमीटरवर उन्हात, अशी तिची व्यवस्था लागली.

जव्हारला एका वेल्डरच्या शेडमध्ये काम सुरू झाले. शिमग्याचे दिवस होते. माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील सणासाठी मोखाडा तालुक्यातल्या आपल्या पाड्यावर आले होते. दिवाळीनंतर ते मासेमारीच्या बोटीवर खलाशी म्हणून जातात. मुलाने सांगितले म्हणून ते पाहायला आले, आणि न विचारता हातोडी उचलून पट्ट्यावर टकटक करीत चालू लागले. एके ठिकाणी आवाज बसका आला. त्यांनी चाकू लावला, तर लोखंड काळ्या भुकटीसारखे सुटू लागले. पुढे वाचून कळले, की खारे पाणी ओतीव लोखंडातला लोह हळूहळू खाऊन टाकते आणि मागे पेन्सिलीच्या शिशासारखा मऊ सांगाडा उरतो. आकार जसाच्या तसा राहतो, म्हणून नजर फसते. तो भाग खऱ्या धातूपर्यंत कोरून काढावा लागला.

मग धुलाई. मीठ धातूच्या छिद्रांत राहिले, तर वरचा कुठलाही रंग टिकत नाही. म्हणून गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायचे, सुकवायचे, आणि लोखंड पुन्हा लालावण्याआधी, काही तासांतच, इपॉक्सीचा पहिला हात द्यायचा. शेडबाहेर टँकरच्या पाण्याची दोन पिंपे होती. दुसरी धुलाई संपताना एक रिकामे झाले. "एवढ्या पाण्यासाठी आमच्या बायका सकाळभर चालतात, सर," ते म्हणाले. स्वरात तक्रार नव्हती. मी जसे वर्गात पाठाचे नाव सांगतो, तसे त्यांनी सांगितले.

मोखाडा तालुक्यात वैतरणेवर धरणे आहेत. त्यांतले मध्य वैतरणा २०१४ साली पूर्ण झाले. ते पाणी मुंबईला जाते, आणि उन्हाळ्यात कित्येक पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. ज्या कोरडेपणाच्या शोधात आम्ही चारशे किलो लोखंड घाट चढवून आणले होते, त्याच कोरडेपणामुळे हा माणूस घाट उतरून समुद्रावर जात होता. हे मला वीस वर्षे ठाऊक होते, पण पिंपाच्या तळाशी पोहोचल्यावाचून कळले नव्हते. तिसरी धुलाई आम्ही तरीही केली. न करती तर आधीचे सारे पाणी वाया गेले असते. ती मात्र ओल्या फडक्याने केली. बादली मोजून घेतली.

या काळात मला 'सुहैली' आठवत असे. बत्तीस फुटांची ही सागवानी नाव मुंबईत बांधली गेली आणि १४ जून १९६८ ते २२ एप्रिल १९६९ या काळात रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनने तिच्यातून एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. प्रवासाच्या आरंभीच तळाच्या कण्यालगतच्या सांध्यातून पाणी येऊ लागले, तेव्हा त्याने भर समुद्रात पाण्याखाली जाऊन त्यात कापूस ठोकला. वादळांतून वाचलेली ही नाव १९९७ साली ग्रीनिचच्या संग्रहालयात मानाने ठेवली गेली. तिथल्या नियंत्रित, कोरड्या हवेत तिच्या फळ्या आटू लागल्या. २००२ साली तिच्या मालकाने तिला बाहेर काढले. लोखंडाला कोरडेपणा मानवतो, लाकडाला ओल. दोघांना एकत्र बांधल्याखेरीज नाव होत नाही आणि बांधल्यावर एकाचे हित ते दुसऱ्याचे दुखणे. म्हणून दुरुस्ती कधी संपत नाही. तिची फक्त पुढची तारीख ठरते. आमची, बोल्ट पुन्हा काढून पाहण्याची, पाच वर्षांनी आहे.

एप्रिलमध्ये पट्टा खाली नेला. नवे सहा बोल्ट बसले, लोखंडाऐवजी स्वतः झिजणारा जस्ताचा तुकडा लागला आणि भरतीच्या पाण्यावर नाव उचलली गेली. विद्यार्थ्याचे वडील तोवर बोटीवर परतले होते. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"आत पाणी येतंय का, सर?"

"रात्रभर येत होतं. सकाळी कमी झालं."

"येऊ द्या थोडं," ते म्हणाले. "महिनाभर तहानलेली आहे. तिला पिऊ द्या."