शेपटीवाली क्रियापदे

इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यास मोठ्या शब्दांचे भय वाटते, असा एक सार्वत्रिक समज आहे. आमचा अनुभव मात्र याच्या अगदी उलट आहे. लांबलचक शब्द दिसला की आम्ही शब्दकोश उघडतो, अर्थ टिपून घेतो आणि तो शब्द कायमचा आमचा होतो. खरी फजिती करतात ते 'गेट', 'पुट', 'टेक', 'लुक', 'गिव्ह' यांसारखे इवलेसे शब्द! प्राथमिक शाळेपासून त्यांची आमची ओळख. परंतु त्यांच्यामागे 'अप', 'ऑफ', 'आउट', 'ऑन' अशी एखादी शेपटी लागली, की हे जुने सोबती आम्हांस ओळख दाखवीनासे होतात. 'गिव्ह' म्हणजे देणे आणि 'अप' म्हणजे वर. पण 'गिव्ह अप' म्हणजे वर देणे नव्हे, तर सोडून देणे. 'लुक' म्हणजे पाहणे, 'आफ्टर' म्हणजे नंतर. पण 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळ करणे.

व्याकरणात यांस 'फ्रेजल व्हर्ब' म्हणतात. आमच्या दहावीच्या वर्गाने त्यांचे नाव ठेवले 'शेपटीवाली क्रियापदे'. शास्त्रीय नावही तसे फार जुने नाही. लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात ते वापरले आणि ते कोशकार ब्रॅड्ली यांनी सुचविल्याचे नमूद केले. नाव नवे असले तरी अडचण मात्र जुनीच आहे. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ साली आपला सुप्रसिद्ध इंग्रजी कोश सिद्ध केला. त्याच्या प्रस्तावनेतच त्यांनी लिहून ठेवले आहे की, परकीयांस सर्वाधिक अडचण होते ती याच रचनेची. सरांनी हे सांगितले तेव्हा आम्हांस केवढा धीर आला! अडीचशेहून अधिक वर्षे जगभरचे विद्यार्थी ज्या खड्ड्यात पडत आले, त्यात आम्ही एकटेच नव्हतो.

मग पुस्तके वाचूनही ही क्रियापदे अंगवळणी का पडत नाहीत? याचे एक कारण इंग्रजीच्या इतिहासात आहे. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि पुढे कित्येक पिढ्या दरबारात, न्यायालयांत फ्रेंचचा व लॅटिनचा अंमल राहिला. त्या भाषांतून आलेले भारदस्त शब्द ग्रंथांत आणि अर्जांत जाऊन बसले. घरातले, शेतातले, बाजारातले बोलणे पुष्कळसे जुन्या लहान शब्दांवरच चालत राहिले. म्हणून लेखी इंग्रजीत 'टॉलरेट' असते, तेथे बोलताना 'पुट अप विथ' येते. 'एक्स्टिंग्विश'च्या जागी 'पुट आउट' येते. आपल्याकडेही ग्रंथात 'विलंब' आणि घरात 'उशीर' असतोच की! ज्याने ग्रंथातलेच मराठी शिकले, तो आपल्या स्वयंपाकघरात गोंधळून जाईल, यात नवल ते काय?

हा भेद केवळ परीक्षेतील दोन गुणांपुरता नाही. आमच्यापैकी एकीचा थोरला भाऊ, ज्याला आम्ही सगळ्याजणी दादाच म्हणतो, चांगल्या गुणांनी शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेला. शहापुरातले घर, दोन मागांवर चाललेला संसार. एका कचेरीत कारकुनाच्या जागेसाठी त्याची मुलाखत ठरली. आदल्या दिवशी दूरध्वनी आला. मुलाखत 'पुट ऑफ' झाली आहे आणि पुढचे कळेल, एवढेच पलीकडच्या बाईंनी सांगितले व संभाषण संपविले. घरात दिवा 'ऑफ' केला म्हणजे विझतो, पंखा 'ऑफ' केला म्हणजे थांबतो. तेव्हा मुलाखत 'ऑफ' म्हणजे प्रकरण संपले, असे दादाने मानले. वस्तुतः ती केवळ पुढे ढकलली होती. नवी तारीख कचेरीच्या फलकावर लागली, मुलाखत झाली, आणि दादाला ते कळले तेव्हा ती जागा भरलेली होती. 'पोस्टपोन' आणि 'कॅन्सल' हे दोन्ही शब्द त्याला उत्तम येत होते. बाईंनी त्यांपैकी एकही वापरला नाही, एवढेच.

पुढे दादाला दुसरीकडे काम लागले. परंतु त्या दिवसांत गल्लीतली मोठी माणसे एकच वाक्य पुनःपुन्हा बोलत: “मराठी शाळेत घातले, त्याचे हे फळ.” ते वाक्य आमच्या मनाला फार लागले. आम्हीही त्याच शाळेच्या. तेव्हा आमच्या मराठीने खरोखरच आमची वाट अडविली आहे काय, याचा शोध घ्यावा असे आम्ही ठरविले.

शोध घेता घेता जे दिसले त्याने आम्ही चकित झालो. शब्दाला शब्द जोडून अर्थ पालटण्याची ही विद्या आमच्या घरातच नांदत होती! संस्कृतच्या तासाला 'हृ' धातूचे उदाहरण आम्ही शिकलोच होतो. मागे 'प्र' लागला की प्रहार, 'आ' लागला की आहार, 'वि' लागला की विहार, 'सम्' लागला की संहार. इंग्रजीने तोच खेळ मांडला. फरक इतकाच की, संस्कृतचा उपसर्ग धातूच्या आधी येतो आणि इंग्रजीची शेपटी मागून. आणि मराठी? आपण मार खातो, शपथ खातो, हवा खातो, भाव खातो. यांत चावून गिळण्यासारखे काय आहे? भूक लागते, ठेच लागते, नाद लागतो, नोकरीही लागते. हे सारे आम्ही पाठ न करता शिकलो.

मग आम्ही एक वही घातली. डाव्या बाजूस इंग्रजी क्रियापद आणि उजव्या बाजूस कोशातला अर्थ नव्हे, तर घरात बोलतो तो मराठी प्रयोग. 'पुट ऑफ' म्हणजे लांबणीवर टाकणे. 'गिव्ह इन' म्हणजे नमते घेणे. 'पुट अप विथ' म्हणजे चालवून घेणे. 'फॉल आउट' म्हणजे बिनसणे. 'टेक आफ्टर' म्हणजे एखाद्याच्या वळणावर जाणे. 'ब्रेक डाउन'ला दोन घरे द्यावी लागली: मोटार बंद पडते, माणूस खचतो. 'टर्न अप'साठी मात्र आम्ही अडलो. एकीच्या आजीला इंग्रजीचे अक्षरही येत नाही. नातू दिवसभर बेपत्ता राहून रात्री घरी आला तेव्हा ती म्हणाली, “जेवायच्या वेळेला बरा उगवलास!” त्याच क्षणी वहीतली ती जागा भरली.

हळूहळू शेपट्यांचे स्वभावही कळू लागले. 'अप' पुष्कळदा काम पुरे झाल्याचे सांगते. 'ईट अप' म्हणजे खाऊन टाक, 'यूज अप' म्हणजे वापरून संपव. आपले 'टाकणे' तेच करते. 'ऑन' बहुधा क्रिया चालू ठेवते. 'रीड ऑन' म्हणजे वाचत राहा. 'आउट'मध्ये अनेकदा संपणे वा विझणे असते. हे नियम सर्वत्र लागू पडत नाहीत. पण अंधारात हाताला भिंत लागावी तसा त्यांचा आधार होतो. आणखी एक खूण ध्यानात ठेवण्यासारखी आहे. 'पुट ऑफ'मध्ये सर्वनाम आले तर ते मध्ये बसते, म्हणून 'पुट इट ऑफ' म्हणावे. परंतु 'लुक आफ्टर'ची जोडी कधी फुटत नाही, तेथे 'लुक आफ्टर हर' असेच म्हणावे लागते.

नुसत्या याद्या घोकून मात्र यांतले काहीच साधत नाही. आमच्या बेळगावात बाजारातले कन्नड कोण पुस्तकातून शिकतो? कंडक्टर “मुंदे होग्री” म्हणाला की पाय आपसूक पुढे सरकतात. शब्द प्रसंगासह कानी पडला तरच तो मनात घर करतो. म्हणून रोज एक क्रियापद घ्यावे आणि त्या दिवशीच्या घडलेल्या गोष्टीवर त्याचे वाक्य करावे, हा आमचा परिपाठ आहे.

इंग्रजी यावी म्हणून मराठी सोडावी लागते, असे ज्या पालकांस वाटते, त्यांस आमचे नम्र सांगणे आहे की, या वहीची उजवी बाजू मराठीवाचून कोरीच राहिली असती. दोनशेच्या वर क्रियापदे तीत जमली आहेत. ती वर्गाच्या कपाटात ठेवली आहे. पुढील वर्षी दहावीत येणाऱ्या आमच्या धाकट्या भावंडांनी ती जरूर न्यावी, घरच्या आजी-आजोबांस वाचून दाखवावी आणि तीत भर घालावी.