न उठलेला रस

मार्चमध्ये आमच्या पेडण्याच्या डोंगरात पिकल्या बोंडूंचा वास असा भरतो की जेवताना भातालाही तोच वास येतो. 1997 साली ऐन त्या दिवसांत बाबा कोळंबीवरून घसरले आणि मांडीचं हाड मोडून पडवीतल्या खाटेवर आले. भट्टीचे पैसे अबकारीत भरून झालेले. मी तेव्हा म्हापशाला कापडाच्या दुकानात होतो. रजा काढून घरी आलो.

भट्टी आमच्या घरची, पण मी तिला कधी हात लावला नव्हता. लहानपणी बोंडू वेचायचे आणि नीरो प्यायचा, एवढाच माझा अनुभव. बोंडू झाडावरून काढायचा नाही, पडलेलाच घ्यायचा. बी पिरगळून वेगळी करायची. मग कोळंबीत, म्हणजे कातळात कोरलेल्या खोलगट जागेत, बोंडू पायांनी तुडवायचे आणि तो रस पिंपात आंबायला ठेवायचा. राहिलेल्या चोथ्याचा ढीग रानवेलीने आवळून वर धोंडा ठेवला की रात्रभर थेंब थेंब गळतो तो नीरो. हे सगळं पाठ होतं.

पण मी शहरात राहून आलेला. बोंडूंना माती, मुंग्या. मी विहिरीचं पाणी शेंदून ते सगळे धुऊन काढले. पिंपही साबण लावून काथ्याने घासलं, उन्हात वाळवलं. आई म्हणाली, "कधी नाय ता चकचकीत केलंस!" मला बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रस फेसाळायला हवा होता. काहीच नाही. मी तासातासाला फडकं काढून बघत होतो. कान लावला, काठीने ढवळलं, वास घेतला. नुसता गोड वास. रात्री अजून गार होत्या, म्हणून गोणपाट गुंडाळलं. तिसऱ्या दिवशीही पिंप गप्पच. पुढचे बोंडू कोळंबीत येऊन पडलेले, त्यांच्यावर चिलटं घोंगावत होती.

बाजारात एकाने कानात सांगितलं, गूळ घाल आणि वर थोडा नवसागर, संध्याकाळपर्यंत उसळतो की नाही बघ. मी दोन्ही घेऊन आलो. पडवीतून आत जाताना बाबांनी बघितलं.

"कसली रे ती पुडी?"

मी सांगितलं. बाबा ओरडले नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं. म्हणाले, "ह्या घातलंस काय ती फेणी नाय. ह्यापेक्षा रस ओतून टाक."

ओतून टाक म्हणजे चार दिवसांची मेहनत आणि भरलेले पैसे. पुढे 2009 साली काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, वर्तमानपत्रात फोटोबिटो आले, तेव्हा मला आधी ती पुडीच आठवली.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "बोंडां धुवलंस?"

"होय."

"आणि पिंप?"

"साबणान."

पंधरा दिवसांत बाबा पहिल्यांदा हसले. हसताना मांडी दुखली, तरी हसले. "अरे, सालीक असता ता सगळा तू व्हाळाक घातलंस!" यीस्ट हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता. तो सालीवर असतो, जुन्या पिंपाच्या अंगाला असतो, आणि मी तो दोन्हीकडून खरवडून काढला होता, हे मात्र त्यांनी खाटेवरून ओळखलं. "वयल्या वाड्यार जा. उठलेल्या रसाची एक कळशी हाड."

आणली. देणाऱ्याने पैसे घेतले नाहीत, फक्त हसला. म्हणजे वाडीभर होणार हे कळलं. रात्री झोपण्यापूर्वी कान लावला तर आत बारीक चुरचुर. सकाळी फेस काठावरून खाली ओघळत होता. आईला उठवून दाखवला मी.

त्यानंतरची भीती उलट होती. दीड-दोन दिवसांनी फेस एकदम बसला. मेला रस, असं म्हणत मी पडवीत धावलो. बाबांनी वाटीभर मागवला, जिभेवर घेतला, मलाही दिला. गोडी गेलेली, किंचित कडवट.

"गोड गेला मा? मगे आग घाल. आज नाय घातलंस तर उद्या आंबट जातलो."

भाण्याखाली जाळ मी जरा जास्तच केला. उर्राक आली ती तेरा ग्राव. बाबांची पंधराच्या खाली कधी नसे. नेहमीच्या एका गिऱ्हाइकाने घोट घेऊन "यंदा पातळ शी लागता" म्हटलं. आतून बाबा म्हणाले, "झिलान केल्यान." त्याने बाटली भरून घेतली.

गुळाची आईने खीर केली. नवसागर तसाच फळीवर पडून होता. मे महिन्यात कल्हईवाला आला, त्याला देऊन टाकला.