फुकटचा गजर

दूध हा मोठा मानी पदार्थ आहे. त्याच्यापुढे टक लावून उभे राहा, तो जागचा हलणार नाही. पण क्षणभर पाठ फिरवा, की अपमान झाल्यासारखा तो पातेल्याबाहेर पडतो. आमच्या बदलापूरच्या दोन खोल्यांत हा रुसवाफुगवा वर्षानुवर्षे चालत आला आहे, आणि खरे सांगायचे तर त्यात दुधाचा दोष थोडा आणि माझा फार आहे.

मी अंबरनाथच्या एका लहानशा खासगी शाळेत शिकवतो. माझे शिक्षण म्हणाल तर मॅट्रिकपर्यंत, म्हणजे आताची दहावी. पण मुळाक्षरे गिरवून घ्यायला तेवढे पुरते. शाळा सकाळची. पत्नी लोकलने मुंबईला नोकरीला जाते, ती दिवेलागणीलाच परतते. दुपारी घरात मी आणि आई. मी लॅपटॉपवर कादंबरी लिहीत बसतो. आई वाळलेले कपडे काढते, तांदूळ निवडते आणि साडेतीन वाजता स्वतःच्या हाताने आले ठेचून चहा करते. वय चौऱ्याहत्तर. त्या चहाच्या आधारावर तिची दुपार उभी असते.

श्रावणातली गोष्ट. आईचा डोळा लागला होता, म्हणून दूध मी तापत ठेवले आणि एक वाक्य पुरे करावे म्हणून टेबलाशी आलो. माझी नायिका कल्याणच्या फलाटावर नवऱ्याला सोडून निघाली होती. अशा वेळी दुधाकडे कोण पाहणार? मी भानावर आलो तो आईच्या हाकेने. दूध उतू जाऊन ज्योत विझली होती आणि शेगडीतून नुसता गॅस सुटत होता. वास आला तशी आई उठली, तिने बटण बंद केले, खिडक्या सताड उघडल्या. मी फडके घेऊन ओटा पुसू लागलो. कोणीच काही बोलले नाही.

संध्याकाळी पत्नीने शेगडीवरचा डाग पाहिला. "आई, दूध तुम्ही ठेवलं होतं का?" तिने सहजच विचारले.

आई जरा वेळ शेगडीकडे पाहत राहिली. "ठेवलं असेन गं. हल्ली लक्षात राहत नाही."

मी वर्तमानपत्रातून मान वर काढली नाही. त्या पानावर काय छापले होते, हे आजही मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवसापासून पत्नी घराबाहेर पडताना रेग्युलेटर बंद करू लागली. आईचा चहा थर्मासमध्ये आला. तिची काळजी खोटी नव्हती. पेटता गॅस आणि विसराळू म्हातारपण यांची भीती कोणाला वाटणार नाही? आईने तक्रार केली नाही. पण चार-आठ दिवसांत ती विचारू लागली, "कडी लावली ना रे मी?" नळ बंद करून पुन्हा पाहून येई. जी चूक तिची नव्हती, तिच्या जोरावर ती स्वतःलाच खोटी ठरवू लागली होती.

अशा वेळी सरळ माणसाने तोंड उघडले असते. मी यंत्र शोधू लागलो! लॅपटॉपवरच गजर होईल असा एखादा कार्यक्रम मिळाला, तर पुन्हा असे होणार नाही, असा माझा हिशेब. मोबाइल मी लिहिताना दुसऱ्या खोलीत ठेवतो, आणि मान गुंतलेली असते ती लॅपटॉपमध्येच. त्यातून कार्यक्रम फुकट हवा. आमच्यासारख्यांचे प्रायश्चित्तही काटकसरीचे असते.

फुकट वस्तूंचा बाजार मी त्या दिवशी पाहिला. एकाच पानावर 'डाउनलोड'ची चार मोठाली हिरवी बटणे, त्यांतली तीन जाहिरातींची. मी बरोबर चुकीचे दाबले. कार्यक्रम उतरला, त्याने काही विचारले, मी न वाचता 'हो, हो' करीत गेलो. चौकटींत बरोबरच्या खुणा आधीच केलेल्या होत्या, हे माझ्या ध्यानातही आले नाही. सकाळी पाहतो तो लॅपटॉप धापा टाकतो आहे, कोपऱ्यातून जाहिराती उड्या मारताहेत, आणि गजराचा तो कार्यक्रम मी कुठे राहतो ते विचारतो आहे. दूध बदलापुरात तापते की बंगलोरात, याच्याशी त्याला काय कर्तव्य? माझ्या कादंबरीची एकुलती एक प्रत त्याच यंत्रात होती. पोटात गोळा आला.

हा जुना लॅपटॉप मी उल्हासनगरच्या एका दुकानातून घेतला होता. तो पिशवीत घालून तिकडे निघालो. फाळणीनंतर सिंधमधून उठून आलेली माणसे कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत उतरली, आणि १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. अजूनही तिथे पत्ता सांगताना 'कॅम्प' म्हणतात. दुकानदार वयस्कर, मराठी चांगले बोलणारे. त्यांनी आधी कादंबरीची प्रत पेनड्राइव्हवर काढून माझ्या हातात ठेवली, मग यंत्र साफ केले आणि विचारले, "मास्तर, टाकलं काय होतं?"

मी सांगितले. ते हसले. 'स्टार्ट'चे बटण दाबून त्यांनी शोधाच्या जागी 'क्लॉक' एवढेच लिहिले. घड्याळ उघडले, त्यात 'टायमर' होता. विंडोज १० असो वा ११, तो यंत्राबरोबरच येतो. ॲपलच्या संगणकांतही २०२२ पासून असे घड्याळ आले आहे. मी काखेत कळसा घेऊन गावभर वळसा घातला होता.

"आणि बाहेरून काही घ्यायचंच झालं, तर बनवणाऱ्याच्या स्वतःच्या जागेवरून किंवा विंडोजच्या स्टोअरमधून घ्या. प्रत्येक चौकट वाचा. घड्याळानं तुमचा पत्ता मागितला, तर ते घड्याळ नव्हे, असं समजा," ते म्हणाले. "आणखी एक. लॅपटॉप झोपला, की हाही झोपतो. झाकण मिटू नका, आवाज बंद ठेवू नका, कानाच्या नळ्या यंत्राला लावून ठेवू नका." सफाईचे पैसे त्यांनी घेतले, घड्याळ दाखवल्याचे घेतले नाहीत.

परतीच्या लोकलमध्ये अंबरनाथ आले. मुलांना घेऊन मी दरवर्षी तिथल्या शिवमंदिरात जातो. त्यावर शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा लेख आहे. तेव्हाच्या लोकांजवळ कुठली यंत्रे, असे एकदा एका पोराने विचारले होते, आणि मी त्याला घटिकापात्राची गोष्ट सांगितली होती. तळाला बारीक भोक पाडलेले तांब्याचे पात्र पाण्यावर सोडायचे. चोवीस मिनिटांत ते भरून बुडाले, की एक घटका झाली. दिवसरात्रीच्या अशा साठ घटका. लग्नघटिका त्यावर मोजीत. 'घटकाभर बस' म्हणताना आपल्याला ते पात्र आठवतही नाही. पण पात्र आपोआप बोलत नसे. ते बुडाले, की टोला द्यायला शेजारी कोणीतरी जागे बसावे लागे.

गाडी हलली. मला वाटले, पात्र बुडालेले मी पाहिले होते. टोला मात्र दिला नव्हता.

घरी आलो, दूध ठेवले, लॅपटॉपवर आठ मिनिटे लावली. आईने विचारले, "हे रे कशाला?"

"माझ्यासाठी. त्या दिवशी दूध मी ठेवलं होतं, आई. तू नव्हतीस."

ती माझ्याकडे पाहत राहिली. "म्हणजे मी नव्हते ना?" तिने पुन्हा विचारले, "नक्की नव्हते ना?" मग तिचा चेहरा असा उजळला, की मला तिच्याकडे पाहवेना. रागवायचे तिला तासाभराने सुचले. पत्नी घरात पाऊल टाकते न टाकते तोच आईने तिला सांगितले. पत्नी काही बोलली नाही. तिने थर्मास धुऊन वरच्या फळीवर ठेवला आणि मला जेवायला जरा उशिरा वाढले. पुढचे दोन दिवस आई फोनवर मावशीला, जिन्यात शेजारणीला, भाजीवालीला सांगत होती, "मी नव्हते हो, आमच्या मास्तरांचा प्रताप!" मी निमूटपणे ऐकून घेतले. एवढी शिक्षा स्वस्तच होती.

आज हे लिहितो आहे तेव्हा दिवाळी चार दिवसांवर आली आहे. आई चकल्या तळते आहे. तिला घड्याळ लागत नाही. तेलातले बुडबुडे शांत झाले, की चकली झाली. दुसऱ्या शेगडीवरचे दूध माझ्याकडे आहे, आणि टेबलावर आठ मिनिटे उलटी पळताहेत. एवढे वाक्य पुरे करतो आणि उठतो, असे म्हणता म्हणता गजर झालाच. स्वयंपाकघरातून हाक येते आहे:

"अरे, तुझं वाजतंय! ऊठ!"