लोहगावचं लिबरेटर

लिबरेटर हे दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकी बॉम्बर काही देखणं विमान नव्हतं. फुगीर, चपट्या बाजूंचं धड आणि मागे दोन उभ्या शेपट्या. सगळी ऐट त्याच्या पंखांत होती: टोकापासून टोकापर्यंत ११० फूट, लांब आणि अरुंद.

आषाढ लागला की लोणावळ्यात तुंगार्ली धरणाकडे जाणारा रस्ता पर्यटकांच्या गाड्यांनी तुंबतो. आम्ही इथले लोक दारं-खिडक्या लावून घरात बसतो, आणि मी ते विमान बांधायला घेतो. लाकडाचं नव्हे, मायक्रोसॉफ्टच्या २००० साली आलेल्या ‘कॉम्बॅट फ्लाइट सिम्युलेटर २’ मध्ये उडेल असं. त्या खेळातली लढाई पॅसिफिकमधली. माझ्या विमानाला मात्र पुण्याच्या लोहगावहून उडायचंय.

आणि हे नुसतं खूळ नाही. दुसरं महायुद्ध संपल्यावर कानपूरला अनेक लिबरेटर टाकून दिलेली होती. कुणी पुन्हा उडवू नयेत म्हणून मुद्दाम मोडलेली. इंजिनात वाळूसुद्धा कोंबली होती असं सांगतात. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी त्यांना उडण्यापुरतं ठीक केलं आणि जिमी मुन्शी या चाचणी वैमानिकाने ती एकामागून एक बंगळूरला नेली. तिथं खरी दुरुस्ती झाली. माझ्या मते हिंदुस्थानी विमान-उद्योगातला हा सगळ्यात धीट जुगाड, आणि माझ्या पाहण्यातल्या पाठ्यपुस्तकांत त्याला एक ओळसुद्धा नाही. १९४८ साली या विमानांवर भारतीय हवाई दलाची पाचवी स्क्वॉड्रन उभी राहिली. १९५१ पासून पुण्याच्या सहाव्या स्क्वॉड्रनने ती अरबी समुद्रावर गस्तीला नेली, थेट १९६८ पर्यंत. आज ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयात आणि ॲरिझोनातल्या पीमा संग्रहालयात उभी असलेली लिबरेटर भारतातूनच गेलेली आहेत.

खेळातल्या विमानाचा आकार जीमॅक्स या त्रिमितीय आकार घडवायच्या सॉफ्टवेअरमध्ये तसा लवकर उभा राहतो. वेळ खातात ते बॉम्बकप्प्याचे दरवाजे. बाकीच्या बहुतेक बॉम्बरांचे दरवाजे खाली उघडतात. लिबरेटरचे दुकानाच्या शटरसारखे कडेने वर सरकतात. मग रंग. अमेरिकी तारा पुसायचा आणि तिथं बाहेर केशरी, मध्ये पांढरं, आत हिरवं असं वर्तुळ काढायचं. ते पंखावर बसलं की विमान आपलं वाटायला लागतं.

पण विमान खरं होतं ते एका साध्या मजकुराच्या फायलीत. रिकामं वजन किती, टाक्या कुठे, गुरुत्वमध्य कुठे, प्रत्येकी १२०० अश्वशक्तीची चार प्रॅट अँड व्हिटनी इंजिनं कुठे. गुरुत्वमध्य जरा मागे सरकला की विमान धावपट्टीवरच शेपटीवर बसतं. मला ते चालतं, कारण खऱ्या लिबरेटरलाही हीच खोड होती. माणसं मागच्या भागात गोळा झाली की नाक वर. बॉम्बच्या जागी मी पेट्रोलच्या जादा टाक्या भरल्या. गस्तीच्या विमानाला तास हवेत, स्फोट नकोत. लढाईच्या खेळात न लढणारं विमान! मित्र कंटाळतात. कंटाळोत.

लोहगावची धावपट्टी जवळपास दोन हजार फूट उंचीवर. तिथून पश्चिमेला वळायचं, उजवीकडे इंद्रायणीचं खोरं सोडायचं नाही. खेळातला सह्याद्री ढोबळ आहे. राजमाचीचे श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले मिळून एकच उंचवटा झालाय. तरी खंडाळ्यापुढे जे व्हायला हवं ते होतं. उंचीमापकाचा काटा जागचा हलत नाही आणि खालची जमीन मात्र दीड-दोन हजार फूट निसटते. समोर कोकण, त्यापलीकडे समुद्र. एकाही शत्रूशिवाय पोटात गोळा येतो.

वाचकहो, तुमच्या घरातलं कुणी सहाव्या स्क्वॉड्रनमध्ये किंवा बंगळूरच्या त्या कारखान्यात कामाला असेल, तर जुने अल्बम रद्दीत घालण्याआधी एकदा उघडून पाहा. विमानाच्या आतला रंग, नाकावरचा आकडा, शेजारी उभी माणसं दिसणारा फोटो सापडला तर स्कॅन करून ठेवा, आणि मागे साल आणि नावं आजच लिहा.